एक प्रभाग, चार माननीय

१५ जानेवारी २०२६ ला पुणे महापालिकेची निवडणूक झाली. तिच्या आधीची फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. दर पाच वर्षांनी व्हायची गोष्ट नऊ वर्षांनी झाली, आणि मधली पावणेचार वर्षं शहर प्रशासकाने चालवलं. मतदार केंद्रावर गेले तेव्हा बहुतेकांना चार वेळा मत द्यायचं होतं: अ, ब, क आणि ड. एकूण ४१ प्रभाग, १६५ जागा. चाळीस प्रभागांत चार-चार नगरसेवक, एका प्रभागात पाच.

ही पद्धत बरी की वाईट, यावर माझ्या ओळखीच्या दोन माणसांचं कधीच एकमत होत नाही. आत्या शनिवार पेठेत राहतात. महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयात त्यांची सारी नोकरी गेली. तक्रार कोणाची, कोणत्या गल्लीतली आणि कोणाच्या चिठ्ठीने आली, हे त्यांना तोंडपाठ असायचं. त्यांचा भाचा नांदेड गावात राहतो. सिंहगड रस्त्याने जाताना डावी-उजवीकडे टोलेजंग इमारती दिसतात आणि मधेच एखादं गोठ्याचं घर, ते नांदेड. दोघांचं बोलणं मी जमेल तसं उतरवलं आहे. मला राहवलं नाही तिथे कंसात तोंड घातलं आहे.

भाचा: आत्या, आधी तू मांड. तुझ्या मते काय हवं?

आत्या: एका वॉर्डाला एक नगरसेवक. बस्स. २००७ ला तसंच होतं. १४४ वॉर्ड, १४४ माणसं. तेव्हाच्या जनगणनेने एका वॉर्डात सतरा-अठरा हजार वस्ती. सकाळी चेंबर तुंबलं की माणूस थेट त्याच्या दारात. तो घरी नसला तर बायको सांगायची, अमुक ठिकाणी आहेत. आता एका प्रभागात सरासरी पंच्याऐंशी हजार. आणि हा आकडा २०११ चा आहे बरं का. आज किती असतील ते मोजलेलंच नाही.

भाचा: म्हणून तर चार आहेत. पंच्याऐंशी हजाराला चार म्हणजे एकाला एकवीस हजार. हिशेब तुझ्या जुन्या वॉर्डाच्या जवळच जातो.

आत्या: कागदावर. ऑफिसात काय व्हायचं ते ऐक. चौघं निवडून आले की पहिल्या महिन्यात आपसांत प्रभाग वाटून घेतात. हा रस्त्याच्या अलीकडचा तुझा, तो पलीकडचा माझा. कायद्यात कुठे लिहिलंय? कुठेच नाही. मग लोक तक्रार घेऊन आले की एक म्हणणार, तो भाग त्यांच्याकडे. दुसरा म्हणणार, मी त्या पक्षाचा नाही, तुम्ही तिसऱ्याकडे जा. आणि स यादीतून झालेल्या कामाच्या फलकावर मात्र चौघांचे फोटो! निदान फलकावर तरी भांडत नाहीत.

(स यादी म्हणजे काय, हे पुण्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांसाठी जी तरतूद असते, तिला पुण्यात स यादी म्हणतात. शहरभरचे बाक, कमानी, गल्लीच्या नावाच्या पाट्या, कापडी पिशव्या आणि कचऱ्याच्या बादल्या या यादीतून आल्या आहेत. पाटीवर गल्लीचं नाव बारीक आणि सौजन्य ठळक, ही पुण्याची जुनी लेखनशैली आहे.)

भाचा: मान्य. पण तुझा तो एकटा नगरसेवक, त्याच्या दारात जायला तुला बरं वाटायचं, कारण तू पेठेतली. तू त्याला ओळखायचीस, तो तुला. माझ्याकडे काय झालं असतं सांगू? गावातल्या दोन-तीन घराण्यांची जमीन, त्यांचेच विकासक, त्यांचेच टँकर. सतरा हजारांचा वॉर्ड केला की ती घराणी तिथे पंचवीस वर्षं बसणार. आम्ही फ्लॅटवाले, कोणी नगरहून आलेले, कोणी सोलापूरहून, कोणी नांदेड जिल्ह्यातून नांदेड गावात आलेले. आम्हाला विचारतो कोण? मोठ्या प्रभागात चार जागा असल्या की पक्षाला हिशेब करावा लागतो. एक गाववाला, एक सोसायटीवाला, एक महिला, एक राखीव. नाइलाजाने का होईना, आमचं माणूस आत जातं.

आत्या: पक्षाच्या नाइलाजावर तुझी भिस्त?

भाचा: घराण्याच्या मर्जीपेक्षा बरी. आणि बायकांचं बघ. एका सदस्याचा वॉर्ड असला की सोडतीत तो महिलांसाठी राखीव झाला रे झाला, की आधीचे माननीय हळहळतात. मग सौभाग्यवतींचा फॉर्म. पाच वर्षं बाई सही करते आणि सभेबाहेर नवरा बोलतो. आणि पुढच्या सोडतीत वॉर्ड खुला झाला की नवरा परत. चारच्या प्रभागात दोन जागा बायकांच्या असतातच. १६५ पैकी ८३. कोणाचा वॉर्ड हिरावला जात नाही, म्हणून तिच्यावर कोणाचा राग नसतो. ती पुन्हा उभी राहू शकते. तिची कारकीर्द होऊ शकते.

आत्या: हे तू बरोबर बोललास. तरी दोन जागा बायकांच्या आहेत म्हणून नवरे गेले, असं समजू नकोस. दोन नवरे आले, एवढंच.

(आत्यांचं हे वाक्य पुरतं न्याय्य नाही. मुख्य सभेत अभ्यासाने बोलणाऱ्या, अंदाजपत्रकाची पानं उलटून प्रशासनाला गप्प करणाऱ्या नगरसेविका पुण्याने पाहिल्या आहेत, आणि त्यांपैकी काही पहिल्यांदा राखीव जागेवरूनच आल्या होत्या. आत्यांनाही हे ठाऊक आहे.)

आत्या: पण मुद्दा सोडू नकोस. वॉर्ड म्हणजे काहीतरी असायला हवं ना? नुसता माणसांचा आकडा नव्हे. आमच्या पेठा बघ. कसबा सगळ्यांत जुनी. रविवार पेठ आधी मलकापूर, सोमवार शहापूर, शुक्रवार विसापूर. सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव, नारायणरावांच्या नावाने नारायण, नाना फडणविसांच्या नावाने नाना पेठ, रास्त्यांची रास्ता. प्रत्येक पेठेला शेट्ये-महाजन होते. बाजार भरवायचा, भांडण मिटवायचं, वसुली करायची. माणसाला विचारलं, कुठला? तर तो पेठ सांगायचा.

भाचा: आणि पेठ सांगितली की जात कळायची. आत्या, पेठ ही लोकांनी निवडलेली गोष्ट नव्हती. ती सरकारने वसवलेली होती. शेट्ये-महाजनांना सनद पेशव्यांची, वर कोतवाल पेशव्यांचा. त्यातला एक घाशीराम. त्याला पुण्याने कसं बदललं, ते तुला माहीत आहे.

आत्या: दगडांनी. तेही प्रतिनिधित्वच म्हण हवं तर.

भाचा: ब्रिटिशांनी १८५७ मध्ये नगरपालिका आणली तेव्हाही सभासद नेमलेलेच. आता मला सांग, पुण्याच्या नगरपालिकेत आजवर बसलेला सगळ्यांत मोठा माणूस कोण?

आत्या: तुला जोतीराव फुल्यांचं नाव हवं आहे.

भाचा: १८७६ ते १८८२. ते कोणत्या वॉर्डातून आले होते? कोणत्याच नाही. त्यांना सरकारने नेमलं. माणूस व्यवसायाने कंत्राटदार, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी दगड पुरवला होता. म्हणजे आजच्या भाषेत कंत्राटदार नगरसेवक. आणि तोच माणूस खर्चाच्या विरोधात उभा राहिला. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागताला पैसे मंजूर केले, तेव्हा विरुद्ध मत देणारे ते एकटे. आताचे कंत्राटदार नगरसेवक खर्चाच्या विरोधात मत देतात का कधी?

आत्या: आणि मंडईचं?

भाचा: मंडईची एवढी मोठी इमारत नको, तो पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकलं कोणी नाही. रे मार्केट १८८६ ला उभं राहिलं.

(ज्या इमारतीला फुल्यांनी विरोध केला तिला आज महात्मा फुले मंडई म्हणतात. नाव बदलण्याचा आग्रह आचार्य अत्र्यांचा. तेही पुण्याच्या नगरपालिकेत निवडून गेले होते. त्याआधी, १९२५ मध्ये, केशवराव जेधे नगरपालिकेत आले आणि फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव घेऊन उभे राहिले, तेव्हा त्या ठरावावरून पुण्यात रण माजलं आणि तो मान्य झाला नाही. २०२५ च्या प्रभागरचनेत पंचविसाव्या प्रभागाचं नाव आहे शनिवार पेठ–महात्मा फुले मंडई. आत्या याच प्रभागात मत देतात.)

आत्या: मग तुझं म्हणणं काय, नेमणूकच बरी?

भाचा: नाही. माझं म्हणणं एवढंच की वॉर्ड लहान असला म्हणजे प्रतिनिधी चांगला येतो, हे काही खरं नाही. त्या काळात वॉर्डातून निवडणूक असती आणि फुले उभे राहिले असते, तर कर भरणाऱ्या पाच-पन्नास प्रतिष्ठितांनी त्यांना पाडलं असतं. व्हाइसरॉय रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडणुका आल्या, १८९५ ला टिळक निवडून गेले, पुढे गोखले अध्यक्ष झाले, हरिभाऊ आपटेही अध्यक्ष होते. मोठी माणसं. पण मतदार कोण? घरपट्टी भरणारा पुरुष. १९५० ला महानगरपालिका झाली, १९५२ ला निवडणूक झाली, बाबूराव सणस पहिले महापौर झाले. तिथून खऱ्या अर्थाने सगळ्यांचं मत सुरू होतं. तुझ्या पेठांच्या इतिहासात ही फक्त शेवटची पंचाहत्तर वर्षं.

आत्या: झालं तुझं? आता माझं ऐक. जोतीराव एकटे विरुद्ध उभे राहिले, हे तूच सांगितलंस. आज तुझ्या चारच्या पॅनेलमधून एकटा माणूस निवडून आणून दाखव. अपक्ष. पंच्याऐंशी हजार वस्तीत पत्रक वाटायचं म्हटलं तरी पक्षाची यंत्रणा लागते. आमच्या वेळी गणेश मंडळाचा कार्यकर्ता, शाळेतला मास्तर, कामगार संघटनेचा माणूस चार गल्ल्यांच्या जोरावर निवडून यायचा. सभेत त्याला कोणी आदेश देऊ शकत नव्हतं. २०१७ पासून तो माणूस संपला. आता लोक उमेदवार बघत नाहीत. वरपासून खालपर्यंत एकच चिन्ह दाबत सुटतात. चौघांतले दोघं कोण आहेत, हेही त्यांना ठाऊक नसतं.

भाचा: चिन्ह बघून मत देणं काही पाप नाही.

आत्या: लोकसभेला नाही. गटारीला आहे.

(इथे भाचा हसला. मीही.)

आत्या: आणि ते राखीव जागेचं. तू मघाशी ते फार सहज बोललास. अनुसूचित जातीच्या बावीस जागा आहेत. लहान वॉर्ड असला की जिथे वस्ती दाट तिथला वॉर्ड राखीव. त्या वॉर्डात तिसरा हिस्सा तरी मतदार त्या वस्तीतले. निवडून येणाऱ्याला त्यांना तोंड दाखवावं लागतं. मोठ्या प्रभागात अ जागा राखीव, पण तिच्यावर मत कोण देणार? सगळा प्रभाग. वस्तीतल्या मतांचं वजन दहा-पंधरा टक्क्यांवर येतं. मग पक्ष कोणाला तिकीट देणार? जो बाकीच्या पंच्याऐंशी टक्क्यांना चालेल, त्याला. जागा राखीव, निवडणारे सगळे. ही रचना याच गावात, येरवड्याच्या तुरुंगात १९३२ ला ठरली, आणि बाबासाहेबांना ती पुढे किती खटकली, ते मी तुला सांगायला नको.

भाचा: नको. याला माझ्याकडे उत्तर नाही.

आत्या: लिहून घ्या हो.

(लिहून घेतलं. माझ्या मते या सबंध वादातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि प्रभागरचनेवरच्या चर्चेत तो सर्वांत कमी ऐकू येतो. वर्तमानपत्रांतला मजकूर कोणाचा बालेकिल्ला फुटला आणि कोणत्या माजी महापौरांची अडचण झाली, यातच संपतो.)

भाचा: पण एक सांग. तू एक म्हणतेस, मी चार म्हणतो. आपल्याला कधी कोणी विचारलं?

आत्या: नाही. २००२ ला तीनचा प्रभाग. २००७ ला एकचा वॉर्ड. २०१२ ला दोनचा, शहात्तर प्रभाग, १५२ जागा. २०१७ ला चारचा. मग सरकार बदललं, २०१९ च्या शेवटी म्हणाले एकचा. तेच सरकार २०२१ ला म्हणालं तीनचा. त्याप्रमाणे अठ्ठावन्न प्रभाग, १७३ जागा, सगळं ठरलं, नकाशे लागले. निवडणूक व्हायच्या आत सरकार पुन्हा बदललं आणि पुन्हा चार. आमच्या ऑफिसात भिंतीवरचा नकाशा काढून नवा लावायचो, तर खालचा खिळा तोच ठेवायचो. लागेलच परत.

भाचा: आणि प्रत्येक वेळी कारण एकच, स्थिर कारभार.

आत्या: कारण एकच, तेव्हाच्या सत्ताधाऱ्याला काय सोयीचं. काँग्रेस-राष्ट्रवादी असो, भाजप-सेना असो, आघाडी असो की महायुती, कोणी धुतल्या तांदळासारखा नाही. मला एवढंच कळत नाही की मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे म्हणून तिथे २२७ वॉर्ड, प्रत्येकाला एक नगरसेवक, आणि तिथे लोकशाही बुडाली नाही. मग पुण्याला चार का? पुणेकरांना एका माणसाची निवड करता येत नाही?

भाचा: पुणेकरांचं एका माणसावर एकमत कधी झालंय?

(विनोद सोडला तर आत्यांच्या प्रश्नाला उत्तर नाही. राज्यातल्या बाकी सगळ्या महापालिकांत बहुसदस्य पद्धत आणि एकट्या मुंबईत एकसदस्य, यामागे तत्त्व शोधायला जाऊ नये. आणखी एक गोष्ट इथेच नोंदवतो. वॉर्डांच्या सीमा ठरवणं हे काम राज्य निवडणूक आयोगाकडे होतं. हा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला, तोच मुळी त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी, स्थानिक निवडणुका सरकारच्या हातात राहू नयेत म्हणून. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार सरकारकडे घेतले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा तिढा सुटेपर्यंत निवडणुका लांबवायच्या होत्या, म्हणून. विधेयक एकमताने मंजूर झालं. ज्या सभागृहात कशावर एकमत होत नाही, तिथे यावर झालं.)

आत्या: म्हणून मी म्हणते, चार की एक हा वाद दुय्यम धर हवं तर. पण रेघ कोण ओढतो ते बघ. आमच्या शेजारचा चोविसावा प्रभाग बघ. कसबा गणपती–कमला नेहरू हॉस्पिटल–केईएम हॉस्पिटल. एक ग्रामदैवत आणि दोन दवाखाने. ज्याला हे नाव सुचलं त्याला तो भाग माहीत आहे का? तिथे राहणारा माणूस असं सांगतो का कधी, मी कमला नेहरू हॉस्पिटलचा म्हणून?

भाचा: आजारी असला तर सांगेल.

आत्या: अरे, मी गंभीरपणे बोलत्ये.

भाचा: मग आता मीही गंभीरपणे बोलतो. तुझी रेघ हलली, तुझा नगरसेवक एकाचे दोन, दोनाचे चार झाला. माझं सांगू? ३० जून २०२१ ला तेवीस गावं महापालिकेत घेतली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी, सगळी. त्या दिवशी ग्रामपंचायत संपली. सरपंच गेला. नगरसेवक यायचा होता, तर १४ मार्च २०२२ ला महापालिकेचीच मुदत संपली आणि प्रशासक आले. म्हणजे जून २०२१ पासून जानेवारी २०२६ पर्यंत, साडेचार वर्षं, आम्हाला कोणीही नव्हतं. चार नाही, एक नाही, शून्य. तू एकाच्या दारात जायचीस. आमच्या गावात दारच नव्हतं.

आत्या: हं.

भाचा: आमच्या आधीची अकरा गावं २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये घेतली. लोहगाव उत्तरेला, फुरसुंगी पूर्वेला, धायरी नैऋत्येला. सगळ्यांचा मिळून एक प्रभाग केला आणि दोन नगरसेवक दिले, तेही २०१९ मध्ये. लोहगावचा माणूस धायरीच्या पाण्यावर काय बोलणार? आणि फुरसुंगी-उरुळीचं तर विचारूच नकोस. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या दारात पडला, तेव्हा ती गावं पुण्याच्या हद्दीत नव्हती. कचरा टाकणाऱ्यांना मत होतं, वास घेणाऱ्यांना नव्हतं. मग आत घेतली. मग पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली.

आत्या: ते मी ऑफिसातून बघितलंय. कचऱ्याच्या गाड्या अडवल्या की शहरात हाहाकार व्हायचा. तेवढाच त्यांचा आवाज.

भाचा: आणि मग जानेवारी २०२५. जीबीएसची, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोमची साथ. नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता. माणसांच्या हातापायातली शक्ती जात होती, लोक व्हेंटिलेटरवर होते. सगळ्या देशाच्या टीव्हीवर आमची विहीर दिसत होती. आत्या, खडकवासल्याचं धरण आमच्या उशाला आहे. पाणी तिथून शहराला जातं. आणि आम्ही विहिरीचं, बोअरचं आणि टँकरचं पीत होतो, कारण शुद्धीकरणाची व्यवस्था आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्या वेळी मुख्य सभा असती, आमचा एक माणूस तिथे असता, तर त्याने काय केलं असतं?

आत्या: सभा तहकूब करायला लावली असती. माइक ओढला असता. आयुक्तांसमोर बाटलीभर पाणी ठेवलं असतं आणि म्हणाला असता, प्या.

भाचा: तेच. तेवढंच हवं होतं.

आत्या: पण खरं सांगू? पाणी त्याने आलं नसतं. पाणी यायला योजना लागते, मंजुरी लागते, निधी लागतो. सगळी कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे. नगरसेवकाच्या हातात काय? स्थायी समितीतला ठराव आणि स यादी.

भाचा: पाणी नसतं आलं. पण विहिरीचं पाणी कोणी तपासतंय का, हा प्रश्न माणसं आजारी पडण्याआधी विचारला गेला असता. साथ येण्यापूर्वीच्या तीन वर्षांत कोणी तरी विचारला असता. नगरसेवक कामाचा नसला तरी प्रश्नाचा असतो.

(या ठिकाणी दोघंही थोडा वेळ बोलले नाहीत. माझं मत इथे भाच्याच्या बाजूने झुकलं. चार की एक हा पेठेत बसून घालता येणारा वाद आहे. प्रशासकाच्या काळात शहराच्या कडेला राहणाऱ्याला तो चैनीचा वाटणारच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या असं बजावलं नसतं, तर प्रशासकाचा तो काळ आणखी लांबला असता.)

आत्या: तू आता नगरसेवक निवडलेस ना? चार?

भाचा: निवडले. एकाचा नंबर माझ्याकडे आहे.

आत्या: बघ, म्हणजे तुलाही एकच लागतो.

भाचा: पण तो एक मला चारमधून निवडता आला. तुझ्या वॉर्डात जो असेल तोच.

आत्या: त्याच्यासाठी कायद्यात दुसरी सोय आहे. २००९ ला क्षेत्रसभेची तरतूद झाली. प्रभागातल्या लहान भागाच्या मतदारांनी एकत्र बसायचं, कामांचा क्रम सांगायचा, नगरसेवकाने समोर बसून ऐकायचं. गावाला ग्रामसभा तशी शहराला क्षेत्रसभा. माझ्या नोकरीत मी तिच्यासंबंधीचे कागद पाहिले, सभा एकही पाहिली नाही. ती भरली असती तर चार असोत की एक, मला चाललं असतं.

भाचा: माननीयांनाही चाललं असतं असं वाटत नाही.

आत्या: कुठल्याच पक्षाच्या नाही. म्हणून तर मला एकही भरलेली दिसली नाही.

(दोघांचं पहिलं एकमत. त्यानंतर ते पुन्हा मोडलं, कारण आत्यांनी पेठांची गोष्ट काढली. पेठांतले वाडे पडले, मुलं कोथरूड, सिंहगड रस्ता, वाघोलीला गेली. लोकसंख्येवर जागा ठरतात, त्यामुळे पेठांचे नगरसेवक प्रत्येक निवडणुकीत कमी होणार आणि कडेच्या गावांचे वाढणार. आत्यांना हे शहराचा गाभा पुसणं वाटतं. भाच्याला हे उशिरा आलेलं न्याय्य वाटप वाटतं. मला दोन्ही खरं वाटतं, आणि गाभ्याची काळजी जागा वाढवून घेता येत नाही असंही वाटतं. पेठेतल्या वाड्यांचा पुनर्विकास आणि पार्किंग हे प्रश्न नगरसेवकांच्या संख्येने सुटलेले नाहीत. तिथे नगरसेवक भरपूर होते तेव्हाही.)

माझा कौल विचाराल तर असा. एक वॉर्ड, एक नगरसेवक हे बरं; अनुसूचित जातींच्या जागांबद्दलच्या आत्यांच्या मुद्द्याला मला कोणाकडून उत्तर मिळालेलं नाही. बायकांसाठीच्या राखीव वॉर्डाची पाळी पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी फिरावी, म्हणजे भाच्याच्या आक्षेपालाही उत्तर मिळेल. पण त्या आधी तीन गोष्टी हव्यात. सीमा आखण्याचं काम सरकारकडून काढून पुन्हा निवडणूक आयोगाकडे द्यावं, आणि सदस्यसंख्या कायद्यात एकदा ठरवून जनगणनेशिवाय तिला हात लावू नये. आणि निवडणूक पाच वर्षांच्या आत झालीच पाहिजे; घटनेत तसं स्पष्ट लिहिलेलं असूनही ते आपल्याकडे पाळलं गेलं नाही.

यात नागरिकाच्या हातात एकच गोष्ट आहे. प्रभागांचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. २०२५ ला प्रारूप २२ ऑगस्टला लागलं आणि हरकतींची मुदत ४ सप्टेंबरला संपली. त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला बसले. अर्धं शहर मांडवात होतं, तरी हजारो हरकती आल्या. देशाची पुढची जनगणना २०२७ मध्ये व्हायची आहे. ती झाली की २०११ चे आकडे बाद होतील आणि पुण्याचा नकाशा पुन्हा पहिल्यापासून आखावा लागेल. तो लागेल तेव्हा आपली गल्ली कोणत्या रेघेच्या कोणत्या बाजूला गेली ते पाहा, आणि पटलं नाही तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. पोच घ्यायला विसरू नका.